बेडस्पेसमधली राष्ट्रभाषा

दुबईच्या करामातल्या एका लहान दवाखान्यात संध्याकाळी रक्त द्यायला गेले होते. मगरीबची अजान नुकतीच संपलेली, खाली पार्किंगच्या शोधात गाड्या घिरट्या घालत होत्या आणि तळमजल्यावरच्या हॉटेलातून लसूण परतल्याचा वास जिन्यानं वर येत होता. नर्स फिलिपिनो होती. दंडाला पट्टा आवळताना ती माझ्याशी इंग्रजीत बोलत होती, दवाखान्यातल्या स्वच्छ, हसऱ्या, थोड्या पाठ केलेल्या इंग्रजीत. तेवढ्यात पडद्यापलीकडून दुसऱ्या नर्सनं काहीतरी विचारलं. हिनं मान न वळवता भराभर उत्तर दिलं. त्यात 'रिपोर्ट' होता, 'अलास ओत्सो' होतं, बाकीचं तगालोग. सुई निघाली, कापूस ठेवला, आणि तिच्या खिशातला फोन थरथरला. "सॉरी मॅम, माय मदर," म्हणत तिनं तो कानाला लावला. आता आवाज खाली उतरला होता, संथ झाला होता. प्रत्येक वाक्य शेवटाकडे लांबत होतं, वळत होतं, वर चढत होतं. 'पलांग्गा' हा एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता. तो लाडाचा आहे हे कळायला भाषा यावी लागत नव्हती. फोन ठेवल्यावर मी विचारलं, ही कुठली भाषा? "इलोंगो, मॅम. आई इलोइलोला असते." मग पडद्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हिच्याशी फिलिपिनो. ही पंगासिनानची. माझी भाषा हिला समजत नाही, हिची मला."

घरी येऊन स्वयंपाक केला, भांडी आवरली, तरी ते तीन आवाज डोक्यातून जाईनात. एकाच बाईचे, पाच मिनिटांतले. रुग्णाशी एक, सोबतिणीशी एक, आईशी एक. आपणही असे आवाज बदलतो, त्यात नवल नाही. मला राहून राहून वाटत होतं ते मधल्या आवाजाबद्दल. इंग्रजी पोटासाठी, इलोंगो जन्माची. मग ही मधली, तगालोगवर बेतलेली, फिलिपिनो नावाची, जी त्या दोघींपैकी एकीचीही आईची भाषा नाही, पण जिच्यात त्या दिवसभर हसतात, चिडतात, एकमेकींना सांभाळतात, ती कोणाची?

दुबईत फिलिपिनो कानावर पडल्यावाचून दिवस जात नाही. करामाच्या बाजारात दुकानदार, मग तो मल्याळी असो की पठाण, समोरून येणाऱ्या फिलिपिनो बाईला 'कबायन!' अशी हाक घालतो. काबायान म्हणजे आपल्या मुलखातला, गाववाला. ती त्यांची आपसातली हाक, पण इथे सगळ्या बाजारानं ती उचलली आहे. ऊद मेथाच्या सेंट मेरी चर्चमध्ये तगालोगमधली प्रार्थनासभा असते आणि कोंकणीतलीही असते. एका गर्दीतून गोव्याच्या बायका बाहेर पडतात, दुसऱ्या गर्दीतून मनिलाच्या, आणि फाटकाबाहेर दोन्ही गर्द्या टॅक्सीसाठी थांबतात. रात्री उशिराच्या मेट्रोत मॉलमधून सुटलेल्या मुली पायातले बूट अर्धे काढून बसतात आणि फोनच्या पडद्यावर कोणाला तरी जेवलास का म्हणून विचारतात. 'कुमाइन का ना बा?' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की ते मला आता मराठीच वाटतं. आमच्याकडेही दूरच्या माणसाला पहिला प्रश्न तोच असतो.

दवाखान्यातल्या त्या संध्याकाळनंतर मी शोधत गेले, वाचत गेले, शेजारच्या ताईला विचारत गेले.

शेजारची म्हणजे आमच्याच मजल्यावरची, बातांगासची, एका लॉजिस्टिक्स कंपनीत हिशेब पाहणारी. बातांगास हा अस्सल तगालोग मुलूख. तिथलं तगालोग ठसक्याचं, बोलता बोलता 'आला ए' म्हणून एक झटका देणारं. तिच्या खोलीत राहणाऱ्या इतर मुली तिला 'आते' म्हणतात, मोठी बहीण म्हणून. भाऊ असेल तर 'कूया'. दोन्ही शब्द चिनी व्यापाऱ्यांच्या होक्किएनमधून आलेले, पण आता रिक्षावाल्याला, दुकानदाराला, वाट विचारायच्या माणसाला तेच लावतात. आपण अनोळखी माणसाला दादा म्हणतो, ताई म्हणतो, तसंच. आई माझ्याकडे राहायला आली तेव्हा या आतेनं दारातच तिचा हात हातात घेतला आणि वाकून स्वतःच्या कपाळाला लावला. त्यांच्याकडे थोरांना नमस्कार तसाच करतात, 'मानो पो' म्हणतात. आई दचकली नाही. तिनं दुसरा हात त्या मुलीच्या डोक्यावर ठेवला. तेव्हापासून ती आईला 'नानाय' म्हणते आणि आई तिला 'बाय'.

आते म्हणाली, भाषा शिकायची तर 'पो' पासून. वडीलधाऱ्यांशी बोलताना प्रत्येक वाक्यात कुठेतरी 'पो' पेरायचा; होकाराचा 'ओओ' मोठ्यांसमोर 'ओपो' होतो; एकट्या माणसालाही 'कायो' म्हणून अनेकवचन लावायचं. आपल्या 'अहो' आणि 'तुम्ही'ला इतकी जवळची सोय मला इंग्रजीत कधी सापडली नव्हती. तो आणि ती मात्र एकच, 'सिया'. म्हणून कितीतरी फिलिपिनो माणसं इंग्रजी बोलताना नवऱ्याला 'शी' म्हणून जातात. त्यावर हसणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना सांगावंसं वाटतं की त्या माणसाच्या भाषेत माणूस आधी माणूस असतो, बाई की पुरुष ते पुढे कधीतरी, लागलंच तर.

आणि 'आम्ही' व 'आपण'. हा भेद हिंदीत नाही, इंग्रजीत नाही. मराठीत आहे: आम्ही निघतो म्हटलं की ऐकणारा मागे राहतो, आपण निघू म्हटलं की त्यानं चपला घालाव्यात. फिलिपिनोत तोच भेद तितकाच धारदार आहे, 'कामी' आणि 'तायो'. आतेला हे मी सांगितलं तेव्हा तिनं टाळी वाजवली. इंग्रजीत काम करताना ही सोय नसते म्हणून तिची रोज कुचंबणा होते, असं ती म्हणाली. साहेब 'वुई' म्हणतो तेव्हा त्यात ती आहे की नाही हे तिला कधीच नक्की कळत नाही.

क्रियापदांनी मात्र मला पुरतं वेड लावलं. मूळ घ्यायचं 'काइन', खाणं. त्याच्या पोटात 'उम' घुसवला की 'कुमाइन', खाल्लं. पहिलं अक्षर दोनदा म्हटलं की काम पुढे ढकललं जातं: 'काकाइन', खाणार आहे. दोन्ही एकत्र केलं की 'कुमाकाइन', खातोय. पोटात 'उम'च्या जागी 'इन' गेला की 'किनाइन': आता लक्ष खाणाऱ्यावरून उठून खाल्लेल्या पदार्थावर जाऊन बसतं. शाळेत आपण कर्तरी आणि कर्मणी प्रयोग घोकलेत. मुलगा आंबा खातो, मुलानं आंबा खाल्ला, मुलानं चिंच खाल्ली. दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात क्रियापद मुलाला सोडून आंब्याच्या, चिंचेच्या मागे जातं. फिलिपिनो याच्याही पुढे जाते. 'बिली' म्हणजे विकत घेणं. विकत घेणाऱ्यावर भर असेल तर एक रूप, घेतलेल्या वस्तूवर असेल तर दुसरं, ज्याच्याकडून घेतली त्याच्यावर असेल तर तिसरं, ज्याच्यासाठी घेतली त्याच्यावर असेल तर चौथं. बुमिली, बिनिली, बिनिल्हान, इबिनिली. इतकी माणसं एका क्रियापदात बसवणारी ही भाषा परदेशात जगाचे पोछे मारते, जगाच्या म्हाताऱ्यांच्या गोळ्या मोजते, आणि तिच्याकडे कोणी भाषा म्हणून बघत नाही, हे मला सलतं. बाहेरच्यांना दिसतं ते फक्त फिलिपिनो माणसाचं इंग्रजी.

मग एका रात्री मला लागुनाचा ताम्रपट भेटला.

१९८९ साली मनिलाजवळच्या लागुना प्रांतात, लुंबान नदीच्या मुखाशी वाळू उपसताना काळपट पडलेला, चुरगळलेला तांब्याचा पातळ पत्रा सापडला. मिंदोरो बेटावर मंग्यान लोकांमध्ये आयुष्य घालवलेले आंतोन पोस्तमा नावाचे मूळचे डच अभ्यासक होते. त्यांनी तो वाचला. लिपी जुन्या जावाची, कावी. भाषा जुनी मलय, तीत संस्कृत, जुनी जावानीज आणि थोडे जुन्या तगालोगच्या वळणाचे शब्द मिसळलेले. आणि पहिल्याच ओळीत तारीख: शक ८२२, वैशाख मास, कृष्ण पक्ष, चतुर्थी, सोमवार. इसवी सन ९००. मी ती ओळ मोठ्यानं वाचली आणि आई आतून बाहेर आली, कसला संकल्प सांगतेस म्हणाली. गुढीपाडव्याला पूजेत उच्चारतो तो शक, भिंतीवरच्या कालनिर्णयात छापलेली ती तिथी, मनिलाच्या मुलखात कोणीतरी अकराशे वर्षांपूर्वी तांब्यावर कोरली होती. लिहिलं काय होतं? कर्जमुक्तीचा दाखला. नामवरान नावाच्या माणसाचं सोन्यातलं कर्ज माफ झालं आहे, त्याच्या वारसांकडून पुढे कोणी मागू नये, त्याला साक्षीला अमुक गावचे अमुक अधिकारी. त्या गावांमध्ये तुंदुन आहे, आजच्या मनिलातलं तोंदो, दाटीवाटीची, बंदराच्या कडेची गरिबांची वस्ती. फिलिपाइन्समध्ये आजवर सापडलेला हा सगळ्यात जुना तारीख घातलेला लेख. आणि आज तिथली लाखो माणसं घरचं कर्ज फेडायला परमुलखात जातात.

आतेला मी साक्षीचं सांगितलं, ती म्हणाली, आमच्याकडे साक्षीदाराला 'साक्सी' म्हणतात. शिक्षक 'गुरो', चेहरा 'मुखा', गोष्ट रचणं 'काथा', गरीब माणूस 'दुखा'. हे शब्द भारतातून थेट गेले असं म्हणणं मला धाडसाचं वाटतं. जावा, सुमात्रा, मलाक्का अशा बंदरांवरून, मलय बोलणाऱ्या व्यापाऱ्यांच्या तोंडून ते हळूहळू सरकत गेले. त्यांची जुनी लिपी, बायबायिन, हीदेखील ब्राह्मीच्याच दूरच्या नातेवाइकांतली. प्रत्येक व्यंजनात 'अ' दडलेला, वर टिंब दिलं की इ-ए, खाली दिलं की उ-ओ. देवनागरी वाचणाऱ्याला ती पाहताच ओळखीची वाटते. शब्दाच्या शेवटी स्वर नसलेलं व्यंजन आलं तर जुने लोक ते चक्क लिहीतच नसत, वाचणाऱ्यानं संदर्भानं भरून घ्यायचं. १६२० मध्ये फ्रान्सिस्को लोपेझ या पाद्र्यानं अक्षराखाली छोटा क्रूस काढून स्वर काढून टाकायची युक्ती सुचवली, म्हणजे अक्षराचा पाय मोडला. लोकांना ती तेव्हा रुचली नाही. आज मात्र तरुण मुलं बायबायिन दंडावर गोंदवून घेतात, आणि तिथल्या नोटांवरही ती अक्षरं आहेत.

स्पॅनिश पाद्र्यांबद्दल माझ्या मनात दोन्ही भावना आहेत. साडेतीनशे वर्षांच्या आसपास त्यांनी तिथे राज्य केलं, आणि तरी मेक्सिको-पेरूसारखी तिथली सगळी प्रजा स्पॅनिश बोलू लागली नाही, याचं एक मोठं कारण हेच लोक. लोकांना आपली भाषा शिकवण्यापेक्षा लोकांची भाषा स्वतः शिकून त्यात धर्म सांगायचा, असं त्यांनी ठरवलं. १५९३ मध्ये मनिलात छापलेल्या पहिल्या पुस्तकांपैकी एका धर्मपुस्तकात स्पॅनिश, रोमन लिपीतलं तगालोग आणि बायबायिन अशी तिन्ही आहेत. त्यानंतर तेवीस वर्षांनी गोव्यात फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण मराठीत छापून आलं, तेही रोमन अक्षरांत. सत्तेचा हेतू साधा नव्हता, स्पॅनिश येत नसलेल्या माणसाला कायदा वाचता येत नाही हे त्या पाद्र्यांना चांगलं कळत होतं. पण त्या हेतूच्या आडून भाषा जगल्या. स्पॅनिश मागे उरली ती वस्तूंमध्ये आणि वेळेत: मेसा म्हणजे टेबल, साबोन म्हणजे साबण, बिंताना म्हणजे खिडकी, शिवाय वारांची नावं, घड्याळाच्या वेळा, बाजारातले भाव. त्यांची 'बाल्दे' आणि आपली बादली एकाच इबेरियन विहिरीवरची, एक स्पॅनिश हातानं गेली, एक पोर्तुगीज.

नंतर १८९८ मध्ये स्पेननं हे सगळे द्वीप दोन कोटी डॉलर घेऊन अमेरिकेच्या हवाली केले. १९०१ मध्ये थॉमस नावाच्या जहाजातून पाचेकशे अमेरिकन शिक्षक मनिलात उतरले, आणि स्पेननं जे केलं नव्हतं ते शाळेनं केलं. एका पिढीत शिकलेल्या माणसाची भाषा इंग्रजी झाली.

या पार्श्वभूमीवर १९३६ मध्ये राष्ट्रभाषा ठरवायला मंडळ बसलं. त्याचे अध्यक्ष हाइमे दे वेयरा वाराय मुलखातले. बाकीचे सदस्य इलोकोस, सेबू, बिकोल, पनाय, सुलूतले. तगालोग बोलणारा एकच. तरी कौल तगालोगला गेला. मनिलाची भाषा, छापील साहित्य जास्त, १८९६ च्या क्रांतीचे कागद तीतच लिहिलेले. १९३७ च्या ३० डिसेंबरला, होसे रिझालच्या हौतात्म्याच्या दिवशी, देशाचे राष्ट्राध्यक्ष मान्युएल केझोन यांनी ती घोषणा केली. रिझाल स्वतः तगालोग, पण त्याच्या ज्या कादंबऱ्यांनी देश पेटला त्या स्पॅनिशमध्ये आहेत. आजची मुलं आपला राष्ट्रपुरुष शाळेत अनुवादातून वाचतात. पुढे १९५९ मध्ये तगालोग नाव टाळून 'पिलिपिनो' नाव दिलं, १९८७ च्या राज्यघटनेनं ते 'फिलिपिनो' केलं. तगालोगच्या जुन्या वीस अक्षरांत फ नव्हता, तो तिथल्या इतर काही भाषांत होता. नव्या अठ्ठावीस अक्षरांत त्याला जागा मिळाली. मला हा निर्णय आवडतो. पण सेबूच्या माणसाला विचारलं तर तो म्हणतो, अक्षरं बदलली तरी बोलतात ते तगालोगच.

त्याचं म्हणणं आकड्यांतही दिसतं. ७,६४१ बेटं, २०२० च्या जनगणनेत जवळपास ११ कोटी माणसं, शंभराहून कितीतरी अधिक भाषा. घरात तगालोग बोलणारी कुटुंबं शंभरातली चाळीस. उरलेल्या साठांत बिसाया, सेबुआनो, इलोकानो, हिलिगायनोन म्हणजे त्या नर्सची इलोंगो, बिकोल, कपंपांगन, माराणाव, आणि झांबोआंगाची चावाकानो, जिच्यात स्पॅनिश शब्द स्थानिक मांडणीत रुजले. प्रमाण भाषेबाहेरच्या माणसाचं जे होतं ते तिथेही झालं. मनिलाच्या मालिकांमध्ये घरकाम करणारी मुलगी बहुधा बिसाया हेल काढून बोलते आणि त्या हेलावरच हशा घेते. आतेच्या खोलीत लेतेची एक मुलगी आहे. मनिलात नोकरीच्या पहिल्या वर्षी तिनं फोनवर बोलणंच बंद केलं होतं, कारण तिच्या तोंडून 'ए'च्या जागी 'इ' निघे आणि पलीकडचा माणूस हसे. हे सांगताना ती हसत होती, पण हातातला चमचा पातेल्यात उगाच ढवळत होती.

मी तेव्हा आईकडे पाहिलं नाही.

आई मालवणची. लग्न होऊन दादरला आली तेव्हा चाळीतल्या बायकांसमोर ती तोंड उघडायला घाबरायची, हे मला मावशीनं सांगितलं, आईनं कधी नाही. तिनं प्रमाण मराठी शिकून घेतली, इतकी की शाळेत माझ्या मैत्रिणींना ती पुण्याची वाटायची. मालवणी उरली ती मामाच्या पत्रापुरती, नंतर फोनपुरती. "जेवलंस काय गो?" हे तिनं मला कधी विचारलं नाही, मला ती 'जेवलीस का' असंच विचारायची. मी मालवणी समजते, बोलत नाही. ही माझ्या मनातली एक रिकामी जागा आहे, आणि तिचा दोष कोणाला द्यावा हे मला ठरवता येत नाही. दादरच्या त्या बायका वाईट नव्हत्या. मराठी माझी आहे, मी तिच्यावर जीव टाकते. तरी आईनं मला जे दिलं नाही त्याची हळहळ वाटतेच.

१९७४ या सालापाशी मी बराच वेळ थांबले. त्या वर्षी तिथल्या शाळांत दोन भाषांचं धोरण आलं: गणित आणि विज्ञान इंग्रजीत, समाजशास्त्रासारखे विषय पिलिपिनोत. घरची भाषा दोन्हीकडून बाहेर. आणि त्याच वर्षी मार्कोस सरकारच्या कामगार कायद्यानं माणसं परदेशी पाठवण्याला सरकारी यंत्रणा मिळाली. पश्चिमेकडे तेलाचा पैसा वाहत होता, घरात परकीय चलन नव्हतं. आज कुठल्याही वेळी वीस लाखांहून अधिक फिलिपिनो असे बाहेर काम करत असतात, आणि जगातल्या व्यापारी जहाजांवर त्यांच्याशिवाय पान हलत नाही. आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातली बोटीवर जाणारी मुलं घरी येतात तेव्हा त्यांच्या तोंडी पहिल्या वर्षी शिकलेले दोन-चार तगालोग शब्द असतातच, निम्मे शिव्यांचे.

आणि इथे मला त्या संध्याकाळच्या प्रश्नाकडे जाण्याची वाट सापडली. दुबईत 'बेडस्पेस' म्हणून एक व्यवस्था आहे: एका खोलीत सहा-आठ पलंग, बंक एकावर एक, प्रत्येकाला पडदा, पडद्याच्या आत माणसाचं अख्खं जग. विजेच्या खांबांवर जाहिराती चिकटवलेल्या असतात, 'फक्त फिलिपिनो', 'फक्त मराठी शाकाहारी'. आतेच्या खोलीत बातांगास आहे, लेते आहे, इलोकोस आहे, दावाव आहे. त्यांच्या गावी त्या एकमेकींना कधी भेटल्याच नसत्या. एकीची आई एका भाषेत, दुसरीची दुसऱ्या भाषेत, मधे समुद्र. इथे एकीला ताप येतो, दुसरी लापशी करते, तिसरी तिच्या मालकिणीला फोन करून रजा मागते, आणि हे सगळं फिलिपिनोत होतं, इंग्रजी आणि अरबी शब्दांची फोडणी घातलेल्या फिलिपिनोत. केझोनच्या घोषणेनं जे झालं नाही, शाळेच्या तासांनी जे अर्धवट झालं, ते या पलंगांमध्ये झालं असं मला वाटतं. हाँगकाँगच्या रविवारच्या चौकांत, बोटींच्या खानसाम्यांच्या खोलीत, रियाधच्या इस्पितळांच्या वसतिगृहात. आदेशानं आलेली भाषा तिथे गरजेची झाली, मग मायेची. लेतेची मुलगी म्हणाली, मनिलात तिच्या उच्चारावर हसायचे, इथे कोणी हसत नाही. इथे सगळ्याच बाहेरच्या.

म्हणून मला राष्ट्रभाषा या कल्पनेबद्दल सरळ हो किंवा नाही म्हणता येत नाही. महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीचा वाद पेटला तेव्हा मी इथून विरोधाच्याच बाजूनं होते, अजूनही आहे. लहान मुलाच्या डोक्यावर भाषा लादू नये. पण त्या खोलीतल्या मुलींकडून त्यांची फिलिपिनो काढून घ्या, मग त्यांच्याजवळ एकमेकींसाठी काय उरतं? इंग्रजी? मालकाची? नाही. ती मधली भाषा त्यांनी कमावलेली आहे. दुखतं ते तिची किंमत वेगळ्याच माणसानं भरली म्हणून.

२०१२ पासून तिथे पहिल्या तीन इयत्ता मुलाच्या मातृभाषेत शिकवायला सुरुवात झाली होती, बारा भाषांपासून एकोणीसपर्यंत. पुस्तकं अपुरी, शिक्षकांची तयारी कमी, एकाच वर्गात तीन भाषांची मुलं, अशा अडचणी खऱ्या होत्या. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये कायदा आला आणि ती सक्ती उठली. माध्यम पुन्हा फिलिपिनो आणि इंग्रजी, घरची भाषा मदतीपुरती. एखाद्या वर्गातली सगळी मुलं एकाच भाषेची असतील तर तिथे अटींवर ती वापरता येते. अडचणी होत्या म्हणून त्या सोडवायच्या होत्या. बारा वर्षं ही शाळेच्या बदलाला फार थोडी असतात. मला हा निर्णय चुकीचा वाटतो, आणि आपल्याकडे आदिवासी पाड्यांवरच्या शाळांत गोंडी, भिली, कोरकू बोलणाऱ्या मुलांचं काय होतं हे माहीत असल्यामुळे जास्तच वाटतो.

ऑगस्ट हा त्यांचा भाषेचा महिना. इथल्या फिलिपिनो शाळांतही मुलं बारोंग घालून, मुली फुग्याच्या बाह्यांचे झगे घालून कविता म्हणतात. स्वतःच्या भाषेवर प्रेम न करणारा माणूस जनावरापेक्षा, नासक्या माशापेक्षा वाईट, अशा अर्थाच्या ओळी रिझालनं आठव्या वर्षी लिहिल्या असं मुलांना शिकवतात. त्या त्याच्या नसाव्यात असं तिथले इतिहासकार सांगतात. कवितेतला स्वातंत्र्याचा शब्द त्याला मोठेपणीच कळला होता. तरी मुलं ती म्हणतात, आया रडतात. अलीकडे त्या महिन्याच्या घोषणांत एका भाषेबरोबर इतर सगळ्या भाषांची नावं येऊ लागली आहेत, २०१९ मध्ये तर विषयच देशी भाषांचा होता.

तेच धरून मी आमच्या मंडळाला लिहिलं आहे. २७ फेब्रुवारीच्या कार्यक्रमात दरवर्षी तीच भाषणं, तेच पोवाडे होतात. या वेळी एक तास बोलींना द्या. अहिराणी बोलणारे दोघे मिळाले आहेत, एक वऱ्हाडी काका आहेत, चंदगडची एक सून आहे. आईला विचारायला मला जड गेलं. ती तेव्हा शेवग्याचा पाला निवडत होती. तो इथे फिलिपिनो दुकानात हमखास मिळतो, मलुंगाय नावानं, आणि आतेबरोबर जाऊन ती जुड्याच्या जुड्या आणते. आते तो कोंबडीच्या रश्शात घालते, आई गोकुळाष्टमीला करायची तशी परतून भाजी करते. मान वर न करता ती हो म्हणाली. विषयही तिनंच सांगितला: याच पाल्याची भाजी, नारळ कधी घालायचा तो, आणि तिची आजी ती कशी करायची ते. मग काही काड्या बाजूला टाकून माझ्याशी पहिल्यांदाच तिच्या भाषेत बोलली.

"पण कोण हसलो, तर मी थयच गप बसतलंय."